केबल काढून टाकू का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात कोपऱ्यात दोन ओळी टाकल्या होत्या की टीव्हीच्या खर्चाबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, तर एवढे मेसेज आलेत की मला वाटलं अख्खा महाराष्ट्र रिमोट हातात घेऊन बसलाय की काय. बहुतेकांचा प्रश्न एकच, केबल बंद करून नेटवर गेलं की पैसे वाचतात म्हणे, खरंय का? काहींचं खरंय, काहींचं अजिबात नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं वगळलीत, गावं ठेवलीत.

डोंबिवलीहून एक ताई विचारतात: आमच्याकडे दोन टीव्ही, दोन्हीला केबलचा बॉक्स, मिळून महिन्याला ७२० रुपये जातात. मुलगा घरून काम करतो म्हणून वायफाय आधीपासून आहे, ४९९ अधिक जीएसटी. तो म्हणतो आई केबल काढ, दोन ॲप वर्षाचे घेऊ, दोन्हीचे मिळून दोन हजारांत होतात. सासूबाई संध्याकाळी सात ते दहा मालिका बघतात, त्यात खंड पडला तर घरात काय होईल ते सांगायला नको. हॉलमधला टीव्ही स्मार्ट आहे, बेडरूममधला जुना. खरंच वाचतील का पैसे?

ताई, वाचतील, पण मुलगा सांगतोय तेवढे पहिल्या वर्षी नाही. कागद घ्या. ७२० गुणिले १२ म्हणजे ८,६४०. त्यातनं ॲपचे २,००० वजा केले की उरतात ६,६४०, इथपर्यंत मुलाचं बरोबर. आता बेडरूमचा टीव्ही. त्याच्या मागे एचडीएमआयचा पोर्ट आहे का बघा, असेल तर त्याला नेट चालवणारी स्टिक लावावी लागेल, बऱ्यापैकी स्टिक ४,००० ची धरा. बेडरूमपर्यंत वायफाय नीट पोचत नसेल (आपल्याकडच्या भिंती आणि मध्ये ते लोखंडी कपाट, सहसा नाहीच पोचत) तर वायफाय पुढे पोचवणारा रिपीटर, १,४०० धरा. झाले ५,४००. म्हणजे पहिल्या वर्षी हातात राहिले १,२४०, महिन्याला शंभर रुपये आणि वर तीन. दुसऱ्या वर्षापासून मात्र पूर्ण ६,६४० तुमचे, अर्थात तोवर ॲपवाल्यांनी भाव वाढवले नाहीत तर, आणि ते वाढवतात. आणि मागे नुसत्या लाल-पिवळ्या-पांढऱ्या पिनाच असतील तर कन्व्हर्टरच्या भानगडीत पडू नका, त्या टीव्हीला निवृत्त करा आणि तेवढाच खर्च वाचवा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, तुमचा हिशोब जमतोय कारण वायफायचे पैसे तुम्ही तसेही भरताय. शेजारच्यांनी तुमचं बघून केबल काढली आणि त्यांच्याकडे नेटच नसेल तर? ४९९ वर १८ टक्के जीएसटी म्हणजे महिन्याला ५८९ च्या आसपास, वर्षाचे ७,०६६, त्यात ॲपचे २,००० मिळवा, झाले ९,०६६. केबलपेक्षा ४२६ रुपये जास्तच! स्टिक-बिक अजून धरलीच नाहीये. मला आलेल्या मेसेजपैकी निम्म्यांचं गणित इथेच चुकतंय, नेटचं बिल ते टीव्हीच्या खर्चात धरतच नाहीत. नेट दुसऱ्या कशासाठी घेतलेलंच असेल, पोरांचा अभ्यास, घरून काम, तर ते धरू नका. फक्त टीव्हीसाठी घेताय तर पूर्णच्या पूर्ण धरा.

आता सासूबाईंच्या सात ते दहाचं. त्या कुठलं चॅनेल बघतात ते आधी नीट विचारा, "मराठी मालिका" एवढ्यावर जाऊ नका. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी दोन्ही आता जिओहॉटस्टारवर दिसतात. आधी दोघांची ॲप वेगळी होती, फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एक झाले, त्यामुळे एक वर्गणी तरी वाचली. झी मराठीच्या मालिका झी५ वर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. म्हणजे त्या जर प्रवाह आणि झी दोन्हीवर उड्या मारत असतील तर दोन ॲप लागणारच, मुलाने बरोबर धरलंय.

आणि केबल बंद करायच्या आधी एक आठवडा टीव्हीशेजारी वही ठेवा. चेष्टा नाही करत. आमच्याकडे मी ठेवली होती, नवरा हसला, पण आठवड्याने बघितलं तर पैसे भरत होतो तीनशेच्या वर चॅनेलांचे आणि वहीत नावं आली होती नऊ. त्यातली चार बातम्यांची, जी एबीपी माझा, झी २४ तास, टीव्ही९ मराठी वगैरे यूट्यूबवर लाइव्ह फुकटच चालू असतात. एक भक्तिसंगीताचं, तेही यूट्यूबवर मिळतं. एक सह्याद्री. म्हणजे खऱ्या अर्थाने पैसे टाकून बघण्यासारखी उरली तीन.

नाशिक आणि लातूरहून दोघांनी जवळपास सारखंच विचारलंय: केबल काढायची नाहीये, पण बिल कमी करता येतं का? केबलवाला म्हणतो हेच पॅक आहे, यातलं काही कमी होत नाही.

होतं. तो म्हणतो कारण त्याला प्रत्येक घराचं वेगळं पॅक बनवत बसायचा कंटाळा येतो, आणि खरं सांगायचं तर मलाही आला असता.

२०१९ मध्ये ट्रायची, म्हणजे टीव्ही-फोनच्या दरांचे नियम करणाऱ्या सरकारी संस्थेची, नवी पद्धत आली तेव्हापासून तुमच्या बिलात दोन भाग असतात. एक म्हणजे जोडणीचं भाडं, नेटवर्क कपॅसिटी फी म्हणतात त्याला, आणि दुसरं पैसेवाल्या चॅनेलांची किंमत. भाड्याला पूर्वी १३० रुपयांची मर्यादा होती, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, पुढे त्यातच २०० चॅनेल द्यायला लावले. ही मर्यादा जुलै २०२४ मध्ये ट्रायने काढून टाकली, म्हणून तुमचा केबलवाला किती घेतो ते त्यालाच विचारा, पण अजून बऱ्याच ठिकाणी आकडा त्याच्याच आसपास आहे. यात फुकट चॅनेल येतात, दूरदर्शनचे तर द्यावेच लागतात.

पैसेवाली चॅनेल तुम्हाला सुटी मागता येतात, एकेक करून. पॅकमध्ये घालायचं चॅनेल १९ रुपयांपेक्षा महाग ठेवता येत नाही, त्यामुळे तुमच्या रोजच्या मराठी मालिकांची चॅनेल सुटीसुद्धा साधारण १९ च्या आतच बसतात. आता करा हिशोब, चार मराठी चॅनेल, प्रत्येकी जास्तीत जास्त १९ धरले तरी ७६, जीएसटी धरून ८९ रुपये ६८ पैसे. जुनं भाडं १५३.४० मिळवलं तर २४३ रुपये. तुम्ही दोघंही साडेतीनशे-चारशे भरताय, मधले शंभर-दीडशे जातायत ते कार्टून, इंग्रजी सिनेमे, तेलुगू चॅनेल आणि एचडीमध्ये. हो, एचडी चॅनेल जपून घ्या, त्यांची किंमत वेगळी असते. तुमचा टीव्ही २४ इंची असेल आणि तुम्ही बारा फुटांवरून बघत असाल तर एचडीने काही जग बदलत नाही.

केबलवाल्याला तोंडी सांगू नका, चॅनेलांची यादी लिहून व्हॉट्सॲप करा. पुढच्या महिन्यात "मला माहीतच नव्हतं" म्हणायची सोय राहत नाही. आणि गावाला जाणार असाल महिना-दोन महिने तर जोडणी तात्पुरती बंद ठेवायची सोय असते, किमान एक महिना, आधी कळवावं लागतं. ही सोय कुणी आपणहून सांगणार नाही.

साताऱ्याहून एक वाचक लिहितात: वडील ७६ वर्षांचे, आई ७१. मी पुण्यात. त्यांच्यासाठी स्मार्ट टीव्ही घेऊन दिला, ॲप घेऊन दिली, केबल बंद केली. आता रोज संध्याकाळी फोन येतो, "ते गेलं बघ, काहीतरी विचारतंय." काय करू?

दादा, केबल परत सुरू करा.

लगेच चिडू नका, पुढे वाचा. माझ्या आईच्या बाबतीत मी हेच केलं होतं, दोन वर्षांपूर्वी, मोठ्या हौसेने. तिला केबलच्या रिमोटवरचे चॅनेल नंबर पाठ होते, चष्मा न लावता अंगठ्याने बरोबर दाबायची, एकदम टायपिस्टसारखी. ॲप आलं आणि पहिल्याच स्क्रीनवर विचारलं, "कोण बघतंय?" आईने मला फोन केला की अगं टीव्ही विचारतोय कोण बघतंय, सांगू का? मग प्रोफाइल, मग अपडेट, मग कुठल्यातरी सिनेमाची जाहिरात मोठ्याने सुरू. तरी तिने शिकून घेतलं, जिद्दी आहे. पण मालिकेवर दाबलं की कधी आजचा भाग लागायचा, कधी कुठला तरी मधलाच, आणि एक भाग संपला की पुढचा आपोआप. एक दिवस फोनवर म्हणाली, ती नायकाची आत्या जिवंत आहे गं, परत आली. मी म्हटलं बरं झालं. चार दिवस ती आत्या जिवंत होती, मग मी मिरजेला गेले तेव्हा कळलं की आई दोन वर्षांपूर्वीचे भाग बघतीये.

म्हातारी माणसं टीव्ही बघतात म्हणजे काही निवडत नसतात. साडेसात वाजले, अमकी मालिका लागली, आठला दुसरी लागली, त्यात जेवण, त्यात औषध. घड्याळ असतं ते त्यांचं. ॲप म्हणतं तुला हवं तेव्हा बघ, त्यांना हवं तेव्हा नकोच असतं, वेळेवर हवं असतं. मी शेवटी एका टीव्हीला वर सांगितलं तसं चार चॅनेलांचं छोटं पॅक लावून दिलं, अडीचशेच्या आत बिल, आणि ॲप माझ्या फोनवर ठेवलं. वाद संपला.

तरी ॲपच ठेवायचं असेल तर इतकं करा: प्रोफाइल एकच ठेवा, बाकीची काढा. पुढचा भाग आपोआप लागण्याची सोय सेटिंगमध्ये सापडली तर बंद करा. टीव्हीच्या पहिल्या स्क्रीनवर नको असलेली ॲप लपवा, दोनच दिसू देत. रिमोटवर माइकचं बटण असेल तर त्यावर बोटभर लाल टेप लावा आणि मालिकेचं नाव बोलायला शिकवा, बऱ्याचदा सापडतं. आणि वायफायचा पासवर्ड बदलाल तेव्हा स्वतः साताऱ्याला जाऊन बदला, फोनवरून समजावायला बसलात तर दोघांचंही बीपी वाढेल.

राजापूर तालुक्यातून एक काका: आमच्याकडे केबल नाही, फायबर नाही, मोबाइलची रेंज अंगणातल्या आंब्याखाली येते. छत्रीचा (डिशचा) महिन्याचा रिचार्ज ३५० होतो, पावसात निम्मा वेळ "सिग्नल नाही". मुंबईची मुलं म्हणतात नेटवर बघा.

काका, मुलांना सांगा आंब्याखाली येऊन बसा आणि बघा.

मोबाइल डेटावर टीव्ही बघणं म्हणजे घागरीने विहीर उपसणं. साधारण एचडीत तासाला ३ जीबी जातो, अगदी साध्या क्वालिटीतही १ जीबीच्या आसपास. तुमचा रोजचा दीड जीबी असेल तर एचडीत अर्धा तास, की संपला, आणि नातवाशी व्हिडिओ कॉल करायचा राहिला.

तुमच्यासाठी उत्तर वेगळं आहे आणि ते स्वस्तही आहे, डीडी फ्री डिश. दूरदर्शनची ही सेवा २००४ च्या डिसेंबरपासून चालू आहे (तेव्हा नाव डीडी डायरेक्ट प्लस), महिन्याचा रिचार्ज शून्य, एकदाच छत्री आणि बॉक्सचा खर्च, मग बघा किती वर्षं बघायचं ते. सह्याद्री येतं, बातम्या येतात, सिनेमे येतात. खाजगी चॅनेल मात्र लिलावाने जागा घेतात, त्यामुळे आज दिसणारं चॅनेल पुढच्या वर्षी गायब होऊ शकतं, मोठ्या मराठी मालिका सगळ्या मिळतील या आशेवर राहू नका. बॉक्स घेताना एमपेग-४ वाला मागा, जुना एमपेग-२ वाला गळ्यात मारतील तर त्यात काही चॅनेल दिसणारच नाहीत. छत्री तुमच्याकडे आहेच, पण फ्री डिशचा उपग्रह वेगळ्या दिशेला असू शकतो, तुमची कंपनी कुठली त्यावर आहे, म्हणजे छत्रीची मान थोडी फिरवावी लागेल. ते काम गावातल्या छत्रीवाल्याकडूनच करून घ्या, आपण कौलांवर चढायचं वय नाही.

क्रिकेट बघता का? मग तर फायदाच. २००७ च्या कायद्याने भारताचे महत्त्वाचे सामने ज्याच्याकडे हक्क आहेत त्याला प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या सरकारी संस्थेला, द्यावे लागतात, आणि २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की ते दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवायचे, खाजगी केबल-छत्रीवर नाहीत. म्हणजे ३५० भरणाऱ्याला तो सामना वेगळं चॅनेल घेऊन बघावा लागतो आणि फुकट छत्रीवाल्याला डीडी स्पोर्ट्सवर दिसतो. आयपीएल यात धरू नका, कायद्याने द्यावे लागणाऱ्या सामन्यांत ते नाही.

पावसाचं म्हणाल तर धो-धो कोसळताना कुठल्याही छत्रीचा सिग्नल जातोच, पावसाचे थेंब तो शोषून घेतात, सर ओसरली की पाच-दहा मिनिटांत परत यायला पाहिजे. येत नसेल, पाऊस थांबूनही तासन्‌तास गेलेला असेल, तर दोष आभाळाचा नाही. छत्रीच्या तोंडाशी जी वायर स्क्रूने लावतात तिथे पाणी शिरलेलं असतं, पिन हिरवी झालेली असते. वायरचं टोक कापून नवीन पिन लावायची, वर रबरी टेप घट्ट गुंडाळायची, आणि वायर घरात शिरण्याआधी खाली एक झोळ ठेवायचा म्हणजे पाणी वायरवरून घरंगळून तिथेच टपकतं, बॉक्समध्ये येत नाही.

रिचार्जची छत्री पूर्ण बंदच करायची असंही नाही. मे महिन्यात आणि गणपतीत मुलं-नातवंडं येतात तेव्हा तेवढ्या महिन्यांचा रिचार्ज मारा. ३५० चे दोन म्हणजे ७००, वर्षाचे ४,२०० कुठे आणि हे कुठे. फक्त त्यासाठी फ्री डिशची छत्री दुसरी लावायची, आहे तिची मान फिरवायची नाही, आणि बराच काळ रिचार्ज नसेल तर कंपनी काय अटी घालते ते आधी विचारून ठेवा.

छत्रपती संभाजीनगरहून एक ताई: पासबुक बघताना कळलं की एका ॲपचे ११ महिने दर महिन्याला २९९ कापले जातायत. ॲप तर मी कधीच डिलीट केलं होतं!

११ गुणिले २९९ म्हणजे ३,२८९. ताई, मी तुम्हाला हसणार नाही कारण माझेही असेच गेलेत, एक सिनेमा बघायला घेतलेलं ॲप, सात महिने.

डिलीट केल्याने फोनमधलं चित्र जातं, वर्गणी जात नाही. वर्गणी बंद करायला त्या ॲपच्या खात्यात जाऊन रद्द करावी लागते, आणि शिवाय तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मॅन्डेट नावाचं एक पान असतं तिथे जा, कुणाकुणाला दरमहा पैसे कापायची परवानगी दिलीये ती अख्खी यादी दिसते. बघून धक्का बसेल. तिथूनच बंद करता येतं. कार्डावरून जात असेल तर बँकेच्या ॲपमध्ये. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे, ऑक्टोबर २०२१ पासून, पैसे कापायच्या २४ तास आधी तुम्हाला कळवावंच लागतं. मेसेज येतो, पण तो लोन घ्या, प्लॉट घ्या या मेसेजच्या गर्दीत, आपण वाचत नाही.

आता माझी पद्धत सांगते. ॲप एका वेळी एकच, महिन्याचं. मनात असलेल्या चार मालिका-सिनेमे साठू द्यायचे, मग त्या ॲपचा एक महिना घ्यायचा, आणि पैसे भरल्या-भरल्या त्याच मिनिटाला ऑटोपे बंद करायचं, सहसा महिना पुरा होईपर्यंत चालू राहतंच. पुढच्या महिन्यात दुसरं. रोज मालिका बघणाऱ्यांना हे जमणार नाही, त्यांनी त्या एका ॲपची वर्षाची वर्गणी घ्यावी, स्वस्त पडते.

पुण्याहून एक दादा: ब्रॉडबँडवाला म्हणतो वरचा प्लॅन घ्या, दहा-बारा ओटीटी (नेटवरची सिनेमा-मालिकांची ॲप) फुकट. घेऊ का? आणि टीव्ही मध्येच अडकतो, त्याला १०० एमबीपीएसचा वेग लागेल का?

फुकट नाही हो. समजा साधा प्लॅन ३९९ चा आणि ओटीटीवाला ५९९ चा, फरक २००, जीएसटी धरून २३६, वर्षाचे २,८३२. त्या बारा नावांतली तुम्ही दोन बघणार आणि ती दोन वेगळी घेतली तर कदाचित दोन हजारांतच येतात. यादी वाचा, त्यात आपल्याला माहीत नसलेलीच नावं जास्त असतात. उलट तुम्हाला त्यातली तीन-चार हवीच असतील तर मात्र घ्या, तेव्हा सौदा चांगला. आणि विचारा, ॲप टीव्हीवर चालेल की फक्त मोबाइलवर? ही ओळ जाहिरातीत सगळ्यात बारीक अक्षरात असते.

वेगाचं विचारलंय तुम्ही शेवटी. नेटफ्लिक्स स्वतः सांगतं की फुल एचडीला ५ एमबीपीएस पुरतं आणि फोर-केला १५. घरात दोन टीव्ही आणि दोन फोन फुल एचडीत एकदम चालले तरी ३० चा प्लॅन पुरतो. १०० ची गरज टीव्हीला नाहीये, अडकतंय ते वायफायमुळे अडकतंय. राउटर टीव्हीजवळ असेल तर सरळ एक लॅन केबल टाका, दीडशे रुपयांत प्रश्न मिटतो.

नागपूरहून: बहीण-भाऊ मिळून एकच नेटफ्लिक्स वापरत होतो, आता चालत नाही.

नाहीच चालणार, जुलै २०२३ पासून त्यांनी भारतात एका घरापुरतंच केलंय. एकट्याला फोनवरच बघायचं असेल तर मोबाइलचा प्लॅन सगळ्यात स्वस्त, २०२१ च्या डिसेंबरात त्यांनी तो १४९ वर आणला होता.

ठाण्याहून एक काकू: जाहिराती नकोत म्हणून पैसे भरून ॲप घेतलं, तरी जाहिराती!

काकू, दुखरी नस दाबलीत. प्राइम व्हिडिओनेही १७ जून २०२५ पासून भारतात जाहिराती सुरू केल्या, नको असतील तर वर आणखी वर्षाचे ६९९. बाकीच्यांचेही स्वस्त प्लॅन जाहिरातीवालेच असतात. घेताना "जाहिरातमुक्त" हा शब्द शोधा, दिसला नाही म्हणजे जाहिराती आहेत. आणि लाइव्ह मॅचमध्ये तर कुठल्याही प्लॅनमध्ये दिसणारच, ओव्हर संपली की.

कोल्हापूरहून एक भाऊ: ओळखीतला एक जण १,८०० रुपयांत बॉक्स देतोय, सगळे चॅनेल, सगळी ॲप, कायमची फुकट. घेऊ का?

नको. चोरीचा माल आहे तो. आज चालेल, आयपीएलच्या फायनलला बंद पडेल आणि ओळखीतला फोन उचलणार नाही. दुसरं म्हणजे तो बॉक्स तुमच्या वायफायवर बसणार, ज्या वायफायवर तुमचा बँकेचा फोन आहे.

पनवेलहून एक ताई: केबल बंद करायची म्हटलं तर केबलवाला म्हणतो बॉक्स परत द्या, पण सुरुवातीला घेतलेले पैसे देणार नाही. पावती आमच्याकडे नाही.

आधी एवढंच ठरवा की बॉक्स विकत घेतलेला की डिपॉझिटवर. विकत असेल तर तो तुमचा, परत द्यायचा प्रश्नच नाही. डिपॉझिटवर असेल तर बॉक्स देताना पैसे मागा. पावती नसली तरी जुन्या व्हॉट्सॲपमध्ये, यूपीआयच्या हिस्ट्रीत बघा, काहीतरी सापडतं. आपला केबलवाला हा मधला माणूस, बॉक्सवर ज्या मोठ्या कंपनीचं नाव आहे तिच्या कस्टमर केअरला बॉक्सचा नंबर देऊन तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा नंबर घ्या, तिथे नाही झालं तर त्यांच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या वरच्या माणसाकडे. ट्राय एकेकट्याच्या तक्रारी घेत नाही, तिथे वेळ घालवू नका. मग ग्राहक हेल्पलाइन, १९१५.

पण हे सगळं करण्याआधी एकदा त्याच्याशी बसून बोला असं मी म्हणेन. बऱ्याच ठिकाणी तोच केबलवाला आता फायबर नेटही देतो, त्यालाही माहितीये वारं कुठलंय. त्याच्याकडूनच नेट घेतलंत तर डिपॉझिट तो पहिल्या बिलात वळतं करून देईल, निदान विचारायला काय जातंय. आमच्याकडचा पोरगा वर्ल्ड कपच्या रात्री अकरा वाजता खांबावर चढून वायर जोडून गेला होता, कॉल सेंटरला फोन केला असता तर ४८ तासांत माणूस येईल म्हणाले असते.

आणि पिंपरीहून एका शाळकरी मुलाचा प्रश्न, जसाच्या तसा: आमच्याकडे आता मॅच मोबाइलच्या ॲपवरून टीव्हीवर बघतो पण समोरच्या बिल्डिंगमधले आधीच ओरडतात आणि आम्हाला विकेट नंतर दिसते. ते चीटिंग करतात का?

नाही रे बाळा. त्यांच्याकडे केबल आहे. ॲपवर चित्र छोटे-छोटे तुकडे करून येतं, टीव्ही थोडे तुकडे साठवतो आणि मग दाखवतो, त्यात पाव मिनिट, अर्धा मिनिट सहज जातो. याला इलाज नाही. खिडकी लावून घे.